आक्कानं पाहिलेला रंग

आक्का,

तुझ्या तेराव्याला सानिकानं गव्हाची गोड हुग्गी तीन वाट्या खाल्ली. मी मोजल्या. मोजताना तुझा आवाज कानात आलाच, "खाणाऱ्या लेकराला मोजू नगं रं सुभ्या, नजर लागती." दहा वर्षांची झाली ती. वजन साडेएकतीस किलो, मागच्या तपासणीत हिमोग्लोबिन बारा पूर्णांक चार. तिच्या बाबतीत मोजायचं मी सोडलेलं नाही आणि सोडणारही नाही. तू मला ज्या ज्या गोष्टींवरून टोमणे मारायचीस त्यातली ही एक तरी तशीच राहू दे.

पाहुणे गेले. बोरगावच्या घराला कुलूप लावून आम्ही निपाणीला परत आलो. निघताना परसात गेलो होतो. जांभळीला फुलोरा आलाय, खाली पायरीवर बारीक फुलांचा सडा पडला होता. तो हातानं बाजूला केला. पायरीवरचे जुने डाग अजून आहेत.

आज सुट्टी आहे म्हणून टेबलाशी बसलो आहे. समोर निळ्या पुठ्ठ्याची दोनशे पानी वही आहे. तुला ती चांगली माहीत आहे. तिच्या पहिल्याच पानावर मी एक खोटी नोंद केली होती, आणि तेही तुला माहीत होतं. सहा वर्षांत तू त्यावर एक शब्द बोलली नाहीस. तू कधीतरी भांडणात ते काढशील आणि मग मी चुकलो म्हणून मोकळा होईन, असं धरून मी बसलो होतो. तू काढलंच नाहीस. आता काढणारही नाहीस. तेव्हा मलाच सुरुवात करायला हवी.

सानिका तेव्हा चार वर्षांची होती. शाळा सुरू व्हायला आठवडा राहिला होता, म्हणून तिला तुझ्याकडे सोडली होती. कारखान्याचा गळीत हंगाम संपलेला. प्रयोगशाळेत आम्ही काचेची भांडी धुऊनपुसून कपाटात लावत होतो. तेवढ्यात तुझा फोन आला. "सुभ्या, घाबरू नगंस. पोरीच्या शीतनं रगात गेलंय. पोरगी बरी हाय, पर तू ये."

मी तासाभरात पोचलो. परस स्वच्छ धुतलेलं, फिनेलचा वास. सानिका पायरीवर बसून गजगे खेळत होती. मी तिला जवळसुद्धा घेतलं नाही आधी. तुला विचारलं, "कुठं आहे?"

"काय कुठं हाय?"

"जे झालं ते."

"धुतलं की."

"धुतलंस? आक्का, डॉक्टरांना दाखवायला नमुना नको? आता ते काय बघणार?"

"व्हय, चुकलंच माझं. बरणीत भरून, वर चिठ्ठी डकवून तुझ्या कारखान्यात धाडायला पायजे हुतं. अरं, पोरगी बघत हुती! तिच्या डोळ्याम्होरं तसंच ठिवू व्हय?"

हे शेवटचं वाक्य मला त्या दिवशी ऐकू आलं नाही. ऐकू आलं ते एवढंच, की माझ्या बहिणीनं पुरावा धुऊन टाकला.

मग तू पायरीवरच्या डागावर बोट ठेवलंस. "हे बघ. ह्या रंगाचं हुतं. लाल न्हवं, काळंबी न्हवं. जांभूळ पायाखाली चिरडल्यावर राहतं तसं. आन् आमटीची वाटी भरंल येवढं."

"जांभळंच खाल्ली असतील तिनं."

"खाल्ली असती तर जिभंनं सांगितलं असतं. जा, जीभ बघ तिची. पांढरी फटक पडलीया."

मी बघितली. खरंच पांढरी होती.

"पोटात दुखलं का?"

"न्हाय. उठली, हात धुतलं आन् गजगं मागाय लागली."

रंग, प्रमाण, दुखणं. डॉक्टरला जे तीन प्रश्न पडतात त्यांची उत्तरं तू कुणी न विचारता एका दमात दिली होतीस, पायरीवर बोट ठेवून.

बोरगावच्या दुकानातून मी ही वही घेतली. दवाखान्यात आमचा नंबर यायचा होता तेवढ्यात रकाने आखले. तारीख, वेळ, रंग, प्रमाण, दुखणे. रंगाच्या रकान्यात मी "जांभळ्या" इथपर्यंत आलो आणि थांबलो. जूनचा महिना, परसात जांभळीचं झाड, आणि मी लिहितोय जांभळ्या रंगाचं रक्त. डॉक्टर हसतील, म्हणतील पोरीनं जांभळं खाल्लीत, घरी जा. त्यांनी मनावर घ्यावं म्हणून मी तो शब्द गिरवून काळा केला आणि पुढं लिहिलं, "लाल." प्रमाणाच्या रकान्यात तुझी वाटी लिहिली नाही. मोजलेलं नाही ते कसं लिहायचं? "थोडे" असं लिहिलं. दुखण्याच्या रकान्यात "सांगता येत नाही". चार वर्षांच्या मुलीला काय सांगता येणार, असं मी स्वतःशी म्हटलं. तू सांगितलं होतंस, ते मी धरलंच नाही.

बावीस वर्षं मी उसाच्या रसाचे आकडे लिहितो आहे. नावडता आकडा बदलणारा माणूस माझ्या हाताखाली असता तर मी त्याला दुसऱ्या दिवशी उभा केला नसता.

निपाणीचे डॉक्टर चांगले होते. त्यांनी मुलीला तपासलं, माझी वही वाचली. लाल रक्त, थोडं, शौचाला कडक होते हे आम्हीच सांगितलं. त्यांनी विचार केला तो बरोबरच होता: शौचाच्या जागी बारीक चीर पडली असावी. मलम दिलं, शौच मऊ होण्याचं औषध दिलं. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन आठ पूर्णांक नऊ, म्हणून लोहाचं औषध सुरू केलं. त्यांनी माझ्या वहीवर विश्वास ठेवला. त्यात त्यांची चूक नाही.

तुझा मात्र रोज फोन. "चीर असली तर रडली असती रं. चीर पडून न रडणारं लेकरू मी बघिटलं न्हाय."

"आक्का, ते डॉक्टर आहेत."

"असूद्यात. त्येंनी रंग कुठं बघिटलाय?"

"नाही बघितला. कारण तू तो धुऊन टाकलास."

तू फोन ठेवलास. पुढचे चार दिवस तुझा फोन आला नाही. मीही केला नाही. ते चार दिवस आज माझ्या हिशेबात फार मोठे झालेत.

ऑगस्टचा दुसरा आठवडा, शनिवारची सकाळची शाळा. सानिका गणवेश घालून उंबऱ्यापाशी बसली ती उठेना. स्मितानं, तुझ्या भावजयीनं, हाताला धरून उठवलं तर पाय लटपटले. ओठ वहीच्या कागदासारखे. थोड्या वेळापूर्वीच ती शौचाला जाऊन आली होती. स्मितानं भांडं तसंच ठेवलं होतं, मी फोटो काढला. या वेळी पुरावा हातचा जाऊ द्यायचा नव्हता. पण लोहाच्या औषधानं शौचाचा रंग तसाही काळपट होतो. फोटोत सगळंच काळं दिसत होतं. रक्ताचा स्वतःचा रंग त्यात हरवून गेला. स्वच्छ, काही न मिसळलेला रंग पाहिलेलं माणूस जगात एकच होतं, आणि त्याची साक्ष मी काळी करून ठेवली होती.

हिमोग्लोबिन पाच पूर्णांक सहा. डॉक्टरांनी स्वतः चिठ्ठी लिहून दिली, बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात फोन केला. आम्ही रुग्णवाहिकेतून गेलो. तू बोरगावहून निपाणी, निपाणीहून बेळगाव अशा दोन बस करून दुपारी पोचलीस. वॉर्डातल्या आयाबाईशी दाराशीच कन्नडमध्ये बोलून, तिला "यव्वा, यव्वा" करत, दोनच माणसांना परवानगी असताना तिसरी आत आलीस. सानिकाच्या हाताला रक्ताची पिशवी लावली होती. मी घड्याळ धरून मिनिटाला किती थेंब पडतात ते मोजत होतो.

"थेंब मोजून रगात वाढतंय व्हय रं?" तू म्हणालीस. "घड्याळ ठिव. तिचा दुसरा हात मोकळा हाय, तो धर."

मी धरला. हात गार होता. पिशवी अर्धी झाली तेव्हा बोटं जरा कोमट लागली. ते मी कुठं लिहिलं नाही, पण मला ते हिमोग्लोबिनच्या कुठल्याही आकड्यापेक्षा चांगलं आठवतं.

पुढच्या चार दिवसांत त्यांनी बरंच काही पाहिलं. रक्त गोठण्यात दोष आहे का, पोटाची सोनोग्राफी, मग भूल देऊन दुर्बिणीची नळी. फोटोत काळं दिसत होतं म्हणून आधी तोंडातून जठरापर्यंत, माझ्या वहीत लाल होतं म्हणून मग खालून मोठ्या आतड्यापर्यंत. कुठंच काही नाही. मला तर हायसं वाटलं. पोटविकाराच्या डॉक्टरीणबाईंना अजिबात वाटलं नाही. त्या म्हणाल्या, "हिमोग्लोबिन पाचावर येतं म्हणजे रक्त कुठूनतरी गेलं आहे. आम्हाला जागा सापडली नाही, एवढाच याचा अर्थ."

त्यांची घरची भाषा कन्नड, मराठी थोडं थांबून बोलायच्या. मी त्यांच्या हातात ही वही दिली. खरं सांगतो आक्का, अभिमानानं दिली. एकूणसत्तर दिवसांच्या नोंदी, एकही दिवस सुटलेला नाही. त्यांनी पहिलं पान मोठ्यानं वाचलं, "लाल, थोडं, सांगता येत नाही." मग त्या गिरवलेल्या काळ्या डागावर त्यांची नजर थांबली. "हे पहिल्या वेळचं कुणी पाहिलं होतं? तुम्ही?"

मी काही बोलायच्या आत भिंतीकडून तुझा आवाज आला. "मी बघिटलं हुतं. पर माझं कोण लिवून घेतंय?"

तू हे चेष्टेत म्हणालीस. माझी वही तू कधी वाचली नव्हतीस. तू सांगितलेलं मी तसंच लिहिलं असणार, असं तू धरून चालली होतीस. "लाल" हा शब्द तू तिथं पहिल्यांदा ऐकलास. आणि तू माझ्याकडं बघितलंस. किती वेळ, ते मोजलं नाही मी.

डॉक्टरीणबाईंनी स्वतःजवळचं स्टूल तुला दिलं. "बसा, आक्का. सांगा मला. डांबरासारखं काळं होतं का?"

"न्हाय."

"बोट कापल्यावर येतं तसं लाल?"

"न्हाय, न्हाय. जांभूळ. पिकल्यालं जांभूळ फोडल्यावर..." आणि त्यांना नक्की कळावं म्हणून तू परत कन्नडमध्ये सांगितलंस, "नेरळे हण्णू."

"पोट दुखत होतं?"

"जरासुदीक न्हाय. रडली न्हाय, वाकली न्हाय. गजगं खेळली."

"किती होतं?"

"आमटीची वाटी."

"घरी काही औषध, काढा, दिलं होतं का?"

तू मान खाली घातलीस. "डाळिंबाच्या सालीचा काढा दिला हुता. दोन येळा. ह्याला सांगितलं न्हाय, वरडला असता."

मी ओरडलोच असतो. आणि ते मात्र तुझं चुकलंच, हे आजही सांगतो. तू असतीस तर आपण त्यावर अजून तासभर भांडलो असतो. चार वर्षांच्या रक्त गेलेल्या मुलीला कुणाला न विचारता काढा द्यायचा नसतो. पण आक्का, तिथं बसून तू डॉक्टरांना सगळं सांगितलंस, तुला कमीपणा आणणारंही. मी, आकड्यांचा माणूस, बदलून सांगितलं होतं. तू चौथी शिकलेली. त्या दिवशी त्या खोलीत खरी नोंद तुझ्याकडेच होती.

बाईंनी कागदावर आतड्याचं चित्र काढलं. वरून, जठरातून रक्त आलं तर वाटेत ते काळं पडतं. खालून, शेवटच्या टप्प्यात आलं तर लालभडक राहतं. आक्कांनी पाहिलेला रंग या दोन्हींच्या मधला आहे, आणि आमच्या नळ्या पोचत नाहीत तो भागही मधलाच. लहान मुलाला न दुखता इतकं रक्त जातं तेव्हा एक शक्यता आधी बघावी लागते. बाळ पोटात असताना नाळेकडे जाणारी एक वाट असते, जन्माआधी ती बुजून जाते. काही मुलांत तिचा तुकडा लहान आतड्याला पिशवीसारखा लटकत राहतो. बहुतेकांना त्याचा आयुष्यभर त्रास होत नाही. पण कधी त्या पिशवीत जठराचं अस्तर असतं. ते तिथं आम्ल तयार करतं आणि शेजारचं आतडं भाजत राहतं. त्यातून रक्त येतं.

"म्हंजी चुकीच्या जागी चूल पेटलीया," तू म्हणालीस.

"बरोबर तसंच," बाई म्हणाल्या.

ते शोधायची तपासणी वेगळी. शिरेतून किंचित किरणं सोडणारं एक औषध देतात, ते जठराच्या अस्तरात गोळा होतं, आणि यंत्राखाली पोटाची चित्रं काढत राहतात. जठराशिवाय आणखी कुठं ठिपका उजळला तर ती जागा. आपण दोघं काचेबाहेर उभे होतो. काही उजळलं नाही.

मी लगेच म्हणालो, चला, तेही नाही, आता घरी जाऊ. तिला पाच दिवस झाले होते, हातावर सुयांच्या नऊ जागा झाल्या होत्या. बाई म्हणाल्या, पिशवी असूनही कधीकधी दिसत नाही. दोन दिवस आम्ल कमी करणारं औषध देऊ, म्हणजे शिरेतून दिलेलं औषध तिथं टिकून राहील, आणि पुन्हा एकदा बघू. मी विचारलं, शंभरात किती वेळा चुकते ही तपासणी? त्या म्हणाल्या, "शंभराचा आकडा तुमच्या मुलीला लागू पडेल असं मी सांगू शकत नाही. एवढं सांगते, रक्त गेलेलं खरं आहे." पुन्हा सुई, पुन्हा किरणं, आणि तेही एका शंकेपायी. मी म्हटलं, विचार करून सांगतो.

जिन्यात तू मला गाठलंस. "सुभ्या, गेल्या साली माझ्या उसाचं एक कांडकं तुला चाखाय दिलं हुतं. गोड हाय का सांग म्हणलं. तू काय म्हणलास?"

मला आठवत होतं. एका कांडक्यावरून मी सांगत नाही, चार ठिकाणचे ऊस काढून आण, असं म्हणालो होतो.

"मग आता पोरीच्या येळंला एका कांडक्यावर सगळा फड ठरवतोस व्हय रं?"

मी वर जाऊन सही केली.

दुसऱ्या वेळी बेंबीच्या खाली, जरा उजवीकडे, एक ठिपका उजळला. जठर उजळलं त्याच वेळी, त्याच्याच बरोबरीनं. तू काचेला नाक लावून उभी होतीस. म्हणालीस, "ती बघ. चूल."

शस्त्रक्रिया दोन दिवसांनी सकाळी झाली. सर्जननी तेवढा आतड्याचा तुकडा काढून दोन्ही टोकं जोडली आणि बाहेर येऊन बाटलीत आम्हाला दाखवला. अहवालात लांबी साडेतीन सेंटिमीटर. तुझ्या अंगठ्याच्या पेराहून थोडी जास्त. "येवढंसं?" तू विचारलंस. मग तिथल्या बाकड्यावर बसून पदर तोंडाला लावून रडलीस. आठवडाभरात तेव्हा पहिल्यांदा. मी शेजारी बसलो होतो. तेव्हा बोलायचं होतं. "आक्का, तू सांगितलेलं मी बदलून लिहिलं" एवढंच. सहाच शब्द लागले असते. मी म्हणालो, "चहा आणू का?"

तू म्हणालीस, "आण. साखर जास्त घाल म्हणावं."

बाईंनी घरी सोडताना सांगितलं होतं, काहीही खाऊ दे, बंदी नाही. तरी मी घरात जांभळावर बंदी घातली. शौचाचा रंग फसवायला नको, हे माझं कारण. दोन वर्षं तू जूनमध्ये पिशवी भरून पाठवायचीस आणि ती आम्ही शेजारी वाटायचो. तू म्हणालीस, "रगाताला भिऊन झाडाला शिक्षा करतोस." मी म्हणालो, खबरदारी. तिसऱ्या वर्षी सानिका तुझ्याकडे दोन दिवस राहून आली. परतताना मोटारसायकलवर पुढं बसली होती, जांभई दिली, आणि आरशात मला तिची जीभ दिसली. गर्द जांभळी. तू मिठाच्या पाण्यानं चुळा भरायला लावल्या असणार, ओठ स्वच्छ होते. जीभ मात्र तुलाही लपवता आली नाही.

मी काही बोललो नाही. घरी जाऊन स्मितालाही सांगितलं नाही. पुढचे दोन दिवस वहीत नोंद ठेवली, आणि मग वही बंद केली. शेवटचं पान तेच आहे. मला ठाऊक होतं हे तुला कधी कळलं का, माहीत नाही. कळलं असणार. पुढच्या जूनमध्ये तू पिशवी पाठवलीस तेव्हा वर चिठ्ठी होती, सानिकाकडून लिहून घेतलेली: "आता उघड खा."

म्हणजे आपण दोघांनी एकमेकांची एकेक गोष्ट झाकून ठेवली होती. पण दोन्ही सारख्या वजनाच्या नव्हत्या. तू झाकलीस ती माझी चूक, मी झाकली ती तुझी माया. तू झाकलेल्यामुळं मी सहा वर्षं ताठ मानेनं सगळ्यांना सांगत फिरलो की मी नोंदी ठेवल्या म्हणून निदान झालं. तुझ्यासमोरही सांगितलं. सानिकाच्या वाढदिवसाला पाहुण्यांसमोर सांगत होतो, तू लाडू वळत होतीस. "व्हय, लई लिवलंय त्यानं," एवढंच म्हणालीस.

तुला झटका आला त्या दिवशी मालूताईंचा फोन आला तेव्हा मी कामावर होतो. तुझ्या शेजारच्या मालूताई, ज्यांच्या बोलण्यात एका गोष्टीला चार फाटे असतात असं तू म्हणायचीस. मी त्यांना म्हटलं, काय झालं ते पहिल्यापासून सांगा. त्या म्हणाल्या, "सकाळी च्या वततानं कप हातातनं सुटला. मी आवाजानं आले तर मला बघून हसल्या, पर तोंड एकाच बाजूनं हसलं. आन् कप उचलाय गेल्या तर हात भलतीकडंच जायाला लागला." मी वाटेतच ते लिहून घेतलं. बेळगावला तरुण डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा मी मालूताईंचे शब्द जसेच्या तसे वाचून दाखवले. एकाच बाजूनं हसलं. हात भलतीकडंच गेला. कधी, किती वाजता, कपात चहा किती होता, सगळं. माझ्या पदरचा एक शब्द घातला नाही, एक काढला नाही. ते म्हणाले, "असं नेमकं सांगणारे नातेवाईक कमी भेटतात."

उपयोग झाला नाही आक्का. झटका मोठा होता, तू दोन दिवसच राहिलीस. पण या वेळी मी नोंद बदलली नाही, हे तुला कळावं असं मला फार वाटलं. तुझ्या उशाशी बसून ते सांगितलंही. उजव्या हाताची बोटं गार होती. मी घड्याळ खिशात ठेवून तो हात धरला होता. तुझा हात धरायचा असतो हे मला तूच शिकवलं होतंस.

आता वहीबद्दल.

आमच्या प्रयोगशाळेत चुकलेली नोंद गिरवून काळी करायची नाही, खोडरबर लावायचं नाही, असा नियम आहे. चुकलेल्यावर एक आडवी रेघ ओढायची, म्हणजे काय चुकलं ते वाचता येतं. वर बरोबर नोंद, शेजारी तारीख आणि सही. मी नवीन मुलांना पहिल्याच दिवशी हे शिकवतो. त्या जूनमध्ये मी तुझा शब्द गिरवून काळा केला, वाचता येऊ नये म्हणून. नियम मला माहीत होता.

आज मी पहिलं पान उघडलं. "लाल"वर एक रेघ ओढली. वर लिहिलं: "पिकलेले जांभूळ फोडल्यावर पायरीवर राहतो त्या रंगाचे." "थोडे"वर रेघ. वर: "आमटीची एक वाटी." "सांगता येत नाही"वर रेघ. वर: "अजिबात दुखले नाही. नंतर गजगे खेळली." शेजारी आजची तारीख, माझी सही.

मग पाहिलं तर माझ्या रकान्यांत पाहणाऱ्याचं नावच कुठं नव्हतं. पट्टी घेतली, शेवटी आणखी एक रकाना आखला. वर लिहिलं, "कोणी पाहिले". खाली तुझं नाव लिहिणार होतो, तेवढ्यात सानिका पाठीमागून डोकावली. वाचलं तिनं सगळं. विचारलं, "बाबा, आत्यानं तेव्हाच सांगितलं होतं?"

"हो."

"मग तुम्ही वेगळं का लिहिलं?"

तुला सांगायचं राहिलेलं ते तिला सांगितलं. डॉक्टर हसतील म्हणून भ्यालो, आणि तू परस धुतलंस म्हणून रागावलो होतो. तू परस धुतलंस ते तिला भीती वाटू नये म्हणून, हेही सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. तुझ्यासारखीच बघते ती.

मग तिनं माझ्या हातातलं पेन घेतलं आणि नव्या रकान्यात तिच्या अक्षरात लिहिलं: "आत्यानं."